ओलेटाची पाच काडतुसं

सॉरवुडच्या खोऱ्यात ओलेटा रॅटलिफने कुणाला 'नाही' म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने हयात काढली आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायला आलेल्या पोरालाही कधी रिकाम्या ताटाने परत पाठवलं नाही. चर्चच्या मागे झाडाखाली पंगत असते तेव्हा बायका लांबलचक टेबलावर आपापली भांडी मांडतात. तिथे पहिल्या भांड्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकातलं चमचाभर ओलेटा घेणारच. एकीचं घेतलं आणि दुसरीचं सोडलं तर दुसरी वर्षभर तोंड फिरवून बसते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण बाकीचे निदान आधी वास घेतात. एका जुलैत पाद्रीबाईंचं बटाट्याचं सॅलड उन्हात आंबलेलं आहे हे कळूनसुद्धा ओलेटाने ते खाल्लं, अंथरुणाला खिळली, आणि उठल्यावर त्यांचं भांडं घासूनपुसून, सफरचंदाच्या तळलेल्या करंज्यांनी भरून परत पाठवलं.

अशा बाईला तिच्या मुलाने ईस्टरला रिव्हॉल्व्हर भेट दिलं.

मुलाचं नाव किर्बी. केंटकीच्या या डोंगरातली निम्मी तरुण मंडळी जशी ओहायोत जाऊन राहिली तसाच तोही कोलंबसला राहिला. बायको सोडून गेली, मुलं मोठी होऊन पांगली, आणि मोकळ्या झालेल्या खोलीत आईने येऊन राहावं असं त्याच्या मनाने घेतलं. खोऱ्याच्या अगदी टोकाला एकटी राहते, गुडघे कुरकुरतात, बोटं सुजलेली. त्यात हिवाळ्यात कुणीतरी शेजारच्या क्लोव्हिसच्या शेडमधून जनरेटर पळवला, आणि किर्बीला आयतं कारण मिळालं.

"उद्या कुणी तुझ्या दारात आलं तर काय करशील?" त्याने विचारलं.

"कॉफी विचारीन," ओलेटा म्हणाली.

किर्बीने डोक्याला हात लावला. मग गाडीतून डबी आणून तिच्यापुढे ठेवली. आत आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, पर्समध्ये सहज मावेल असं रिव्हॉल्व्हर होतं, आणि हलकं इतकं की फळीवरचा घेवड्याचा डबा हातात घेतल्यासारखं वाटावं. शेजारी काडतुसांचा खोका. त्यावर वीज कोसळतानाचं चित्र.

"यातली सगळ्यांत जोरदार आणलीत," तो म्हणाला. "हे बघ आई, आपण सरळ ठरवू. मेअखेरीस डेकोरेशन डेला मी बाबांच्या थडग्यावर फुलं घालायला येतोच आहे. त्या दिवशी व्हरांड्यातून त्या सफरचंदाच्या झाडाजवळ कागदी थाळी लावायची. पाचही गोळ्या थाळीत बसल्या तर मी कोलंबसचं नाव काढणार नाही. नाही बसल्या, तर तू सामान भरायचं. कबूल?"

नाही म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं. "बरं," ती म्हणाली, आणि किर्बीची गाडी वळणाआड गेल्यावर आपण काय कबूल करून बसलो हे तिच्या लक्षात आलं. याच घरात ती लग्न होऊन आली होती. गार्नेट याच घरात गेला होता. मागच्या उतारावरच्या त्याच्या थडग्यापर्यंत ती रोज संध्याकाळी हातात कॉफीचा कप घेऊन जायची आणि दिवसभराचं त्याला सांगायची. कोलंबसमध्ये ती कुणाला काय सांगणार होती?

दुसऱ्या दिवशी तिने वीजवाल्या खोक्यातलं एक काडतूस घातलं, डोंगराकडे नळी केली आणि चाप ओढला. हलक्या हत्याराची खोड अशी की झटका ते स्वतः सोसत नाही, सगळा हाताच्या पदरात टाकतं. चष्मा नाकावरून हनुवटीवर आला. तापल्या तव्यावर पंजा आपटावा तसा हात झणझणला, आणि त्या संध्याकाळी कॉफीचा कप तिला डाव्या हाताने धरावा लागला. गोळी कुठे गेली ते फक्त डोंगराला माहीत.

मग ती होबर्टच्या दुकानात गेली. होबर्टच्या दुकानात बंदुका, गळाला लावायची गांडुळं आणि फुकटचे सल्ले मिळतात, आणि शेगडीभोवतीच्या खुर्च्या कधी रिकाम्या नसतात. ओलेटाने हळूच विचारलं, की या रिव्हॉल्व्हरला चांगलं काडतूस कोणतं. शेगडीभोवतीच्या सगळ्या खुर्च्या तिच्याकडे वळल्या. असा प्रश्न या माणसांना जन्मात कुणी विचारला नव्हता. कुणी न विचारताच ते एकमेकांना उत्तरं देत आले होते.

"पोकळ तोंडाची गोळी, मिस ओलेटा," होबर्ट म्हणाला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. "आत शिरली की फुलासारखी उमलते. मी स्वतः करून बघितलंय. चार पदरी जीन्स, मागे पाण्याने भरलेले दुधाचे कॅन."

"म्हणून याच्या बायकोला हल्ली याची एक धड विजार सापडत नाही," क्लोव्हिस म्हणाला. ओढ्यापलीकडे राहणारा क्लोव्हिस, जनरेटर गेला तोच. तरुणपणी फौजेत होता आणि अजून केस तसेच कापतो. "आखूड नळीतून काय उमलणार, डोंबल? जड गोळी घ्या, गोल तोंडाची. माझा आजा शेरीफ होता, त्याने जन्मभर तीच वापरली."

"तुझ्या आजाने जन्मभर कुणाला मारलं?"

"मारायची वेळ आली नाही. गोळीचा धाकच तसा होता."

शेगडीशी ब्रदर इनॉस बसले होते. आमचे पाद्री. ते गांडुळं घ्यायला आले होते, पण असा विषय निघाल्यावर गप्प बसणं त्यांच्याही हाती नव्हतं. "हलकी आणि वेगवान," ते म्हणाले. "डेव्हिडने त्या धिप्पाड गोलियाथला गोफणीने मारलं तो दगड काही मोठा नव्हता."

"डेव्हिडकडे नळी होती का हो, ब्रदर?" क्लोव्हिसने विचारलं, आणि मग जे जुंपलं ते दुपारपर्यंत चाललं. ओलेटा निघाली तेव्हा तिच्या पिशवीत प्रत्येकाने आपापल्या मताचा एकेक खोका घातलेला होता. होबर्टने तर पैसेही घेतले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता.

संध्याकाळी व्हर्जिल हजर. व्हर्जिल म्हणजे गार्नेटचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. हा स्वतःची काडतुसं तळघरात स्वतःच बनवतो. टायरला लावतात ती शिशाची वजनं वितळवून गोळ्या ओततो आणि लोण्याच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवतो. भावजय परक्यांची काडतुसं वापरते हे कळल्यावर तो घास गिळायचा थांबला होता.

"माझ्या तळघरात भट्टी असताना तू होबर्टच्या दारी गेलीस?" तो म्हणाला. "गार्नेटला काय वाटलं असतं?"

"गार्नेटने तुझी काडतुसं एकदा वापरली होती. त्याची अर्धी भुवई गेली होती."

"तो पहिला घाणा होता. आता हात बसलाय." आणि त्याने लोण्याचा डबा टेबलावर ठेवला.

त्यानंतर ओलेटाच्या घराला उसंत म्हणून मिळाली नाही. क्लोव्हिस सकाळी यायचा, तिची उभं राहायची पद्धत सुधारायचा आणि आपल्या गोळ्या झाडायला लावायचा. होबर्ट दुपारी दुकान बंद करून पाण्याचे कॅन घेऊन यायचा. ब्रदर इनॉस आजाऱ्यांना भेटायला निघाले की वाट वाकडी करून आधी हिच्याकडे येत. व्हर्जिल तर रात्रीच्या जेवणालाच येऊन बसायचा. प्रत्येकापुढे ओलेटा त्या त्या माणसाची काडतुसं वापरायची, "फारच छान आहेत हो," म्हणायची, आणि तो गेल्यावर हात गार पाण्यात बुडवून बसायची. प्रत्येकाला खात्री पटली की बाईने आपलंच ऐकलं. गोळ्या मात्र ठिकठिकाणी जात. पाद्रीबुवांची खाली, क्लोव्हिसची वर, किर्बीची देवाच्या मनात असेल तिथे.

मे संपत आला तेव्हा ओलेटाचा धीर सुटला. एका सकाळी ती गाडी काढून पलीकडच्या काउंटीतल्या मोठ्या दुकानात गेली, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. काउंटरवर एक पोरगी च्युइंगम चघळत उभी होती. ओलेटाने तिला विचारलं, "यातल्या कशाने हात सगळ्यांत कमी दुखतो?"

इतक्या आठवड्यांत हा प्रश्न एकाही पुरुषाला सुचला नव्हता. पोरीने मागे न बघता खालच्या फळीवरून एक खोका काढून दिला. नेमबाजीच्या सरावाची काडतुसं. गोळीचं तोंड चपटं, काडतुसाच्या कडेशी अगदी सपाट. त्यांना पुरुषमंडळी काडतूस म्हणत नाहीत. घरी येऊन तिने चाप ओढला, आणि हात जागच्या जागी राहिला. चष्माही. त्या दिवशी तिने बिस्किटाचं पीठ मळण्याआधी अर्धा खोका संपवला आणि उरलेला पांढऱ्या मक्याच्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली लपवला. कुणाला कळलं असतं तर चार घरांत सुतक पडलं असतं.

डेकोरेशन डेच्या दिवशी थडगी साफ झाली, फुलं वाहून झाली, प्रार्थना झाली. किर्बीने सफरचंदाच्या झाडाखाली कागदी थाळी लावली. मायलेकांतच काय ते उरकायचं असं ओलेटाने धरलं होतं. पण व्हर्जिलला ही गोष्ट ठाऊक होती, म्हणजे ती खोऱ्याला ठाऊक होती. ती डोक्यावरचा फुलांचा रुमाल सोडून व्हरांड्यात येते तो चौघेही येऊन बसलेले, आणि व्हरांड्यातल्या टेबलावर प्रत्येकाने आपला खोका मांडलेला. किर्बीचा वीजवाला खोकाही त्यातच.

"आता घाल बघू," व्हर्जिल म्हणाला, आणि आपला लोण्याचा डबा दोन बोटं पुढे सरकवला.

सगळे तिच्या हाताकडे बघत होते. पिठाच्या डब्यातला खोका आणायला आत जावं असं तिच्या फार मनात होतं. घर पणाला लागलं होतं, तिला ते पक्कं समजत होतं, आणि तरी तिचे पाय हलेनात. टेबलावर पाच जणांनी पाच भांडी मांडली होती. ओलेटाने हात पुढे केला आणि प्रत्येकातलं एकेक उचललं.

रिव्हॉल्व्हरच्या चक्रात पाच घरं, समोर पाच माणसं, कुणी रुसायला नको. तिने पंगतीच्या क्रमाने घातली. पाद्री पहिले, मग पाहुणे, घरचे शेवटी.

"अगं, पण असं मिसळून—" किर्बी म्हणेपर्यंत तिने पहिली झाडली. ब्रदर इनॉस यांची गोळी थाळीच्या खालच्या कडेला कशीबशी चाटून गेली. "आमेन," ते पुटपुटले. होबर्टची थाळीत बसली आणि होबर्टने मांडीवर थाप मारली. क्लोव्हिसची थाळीवरून गेली आणि सफरचंदाची एक फांदी खाली आली. मग किर्बीची. वीज कोसळली म्हणतात ती तीच. ओलेटाचे दोन्ही हात डोक्यावर गेले, चष्मा हनुवटीवर आला, आणि थाळीला वारासुद्धा लागला नाही.

पाचवी व्हर्जिलची. तिने चाप ओढला, चाप हलेना. चक्र अडकून बसलं होतं.

होबर्टने नळी डोंगराकडे ठेवून रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि वाकून बघितलं. चौथ्या गोळीच्या धक्क्याने व्हर्जिलच्या काडतुसातली गोळी खोळीतून पुढे सरकली होती आणि तिचं नाक चक्राबाहेर येऊन रिव्हॉल्व्हरच्या चौकटीला भिडलं होतं.

"तू गोळी काडतुसात नुसती ठेवतोस, व्हर्जिल," होबर्ट म्हणाला. "बसवत नाहीस."

"माझी गोळी घट्ट होती. या पोराच्या काडतुसाने तिला ओढून काढली. असला झटका खेचरालाही देऊ नये."

"काका, तुमचं काडतूस लोण्याच्या डब्यात असतं," किर्बी म्हणाला.

लाकडी चमच्याच्या दांड्याने ठोकून ठोकून चक्र मोकळं होईपर्यंत दोघांचं चाललंच होतं. मग किर्बी आईकडे वळला. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. "पाचांतल्या दोन, आई," तो हळू आवाजात म्हणाला. "आपलं ठरलं होतं."

ओलेटा वळून आत गेली. बाहेर सगळ्यांना वाटलं, बाई रडायला गेली. ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा सणसणीत राग आला. आधी त्या पाचांचा, मग ते सॅलड गिळणाऱ्या स्वतःचा. तिने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

ती बाहेर आली तेव्हा हात पांढराफटक आणि खोक्यावरून पीठ सांडत होतं. होबर्टने खोका ओळखला आणि त्याचा चेहरा पडला. "मिस ओलेटा, ही तर कागदाला भोकं पाडायची असतात."

"समोर कागदच आहे," ओलेटा म्हणाली.

पाचही घरांत तिने एकाच खोक्यातली काडतुसं घातली. कुणाकडे बघितलं नाही. सावकाश, बिस्किटं कापावीत तशा, एकामागून एक पाच झाडल्या. किर्बी नवी थाळी लावून बाजूला झाला होता, तो जवळ जाऊन बघून आला आणि थाळी काढूनच घेऊन आला. साच्याने कापल्यासारखी पाच गोल भोकं. एक जरा कडेला गेलं होतं, पण थाळीत.

ब्रदर इनॉस यांनी घसा साफ केला. "कागदाचं ठीक आहे. पण खरोखरीचा चोर आला तर ही गोळी फार सौम्य पडेल हो."

"उमलतच नाही ती," होबर्ट म्हणाला.

"दम नाही तिच्यात," क्लोव्हिस म्हणाला. या एका बाबतीत सगळ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

ओलेटाने चष्मा पुसला. "मग तुमच्यातला एक जण जाऊन त्या झाडापाशी उभा राहा," ती म्हणाली. "आणि तिथून मला सांगा, हिच्यात दम नाही म्हणून."

कुणी जागचं हललं नाही. क्लोव्हिस, फौजेत राहिलेला माणूस, आपल्या बुटांच्या नाड्या बघू लागला.

जरा वेळाने ती कॉफी टाकायला आत गेली, तिच्यामागून किर्बी आला. त्याने थाळी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला. "जिंकलीस तू," तो म्हणाला. "आता मी काही बोलणार नाही."

"मग तोंड का असं?"

तो भोकांवरून बोट फिरवत राहिला. "मला चोराची भीती कधी नव्हतीच, आई. चोर काय नेणार तुझ्याकडून, घेवड्याचे डबे? मला भीती ही वाटते की कुणी येणारच नाही. तू सोमवारी न्हाणीघरात पडशील, आणि मी फोन करणार रविवारी. मधले दिवस तू तिथेच. हे डोळ्यांसमोर येतं आणि मला झोप लागत नाही."

ओलेटा किटलीत पाणी भरत होती. हे त्याने ईस्टरलाच का सांगितलं नाही, असं तिला वाटलं. पण तो गार्नेटचा मुलगा होता. मनातलं बोलण्यापेक्षा त्या घरातल्या पुरुषांना बंदूक विकत आणणं सोपं जायचं. तिला त्याची फार माया आली, आणि मग एकदम हसूच फुटलं. किटली खाली ठेवावी लागली.

"हसतेस काय?"

"अरे, तू ते रिव्हॉल्व्हर देऊन गेल्यापासून सकाळी क्लोव्हिस, दुपारी होबर्ट, चहाच्या वेळेला पाद्री आणि रात्री ताटावर तुझा काका. एखाद्या दिवशी दार उघडायला उशीर झाला तर क्लोव्हिस खिडकीतून डोकावतो. पडायला सवड कुठे आहे मला?" तिने डोळे पुसले. "आजपासून सुटले म्हणायची. आता बाहेर जाऊन सांगते एकेकाला, बाबांनो, माझं ठरलं. मला ही चपटीच चालतात. तुमचे खोके उचला आणि आपापल्या घरी जा. आता मला नाही म्हणता येतं."

ती दाराकडे निघाली. किर्बी ताडकन उठला आणि त्याने तिचा पिठाचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला. "कॉफी बघ तू. मी बोलतो."

खिडकीतून तिला सगळं ऐकू येत होतं. बाहेर चौघे आपापले खोके गोळा करत होते, आणि मयताहून परतणाऱ्यांसारखे दिसत होते. किर्बी पायरीवर उभा राहिला. "आईचं अजून काही नक्की नाही," तो म्हणाला. "ही चपटी तात्पुरती. तिचं म्हणणं, इतकी महत्त्वाची गोष्ट, सगळ्या अजून नीट वापरून बघितल्याशिवाय ठरवू नये. हात पूर्ण बसायला वर्ष तरी जाईल, कदाचित दोन."

खोके परत टेबलावर आले.

"मग मंगळवारी मी येतो," होबर्ट लगेच म्हणाला. "नवीन माल यायचाय."

"मंगळवार माझा आहे," क्लोव्हिस म्हणाला.

"तुझा कधीपासून? तू ओढ्यापलीकडे राहतोस, तुला रोजच मंगळवार."

व्हर्जिल म्हणाला की तो घरचा आहे, त्याला वार लागू नाहीत. ब्रदर इनॉस यांनी बुधवारच्या प्रार्थनेनंतरची वेळ मागून घेतली. आवाज चढायला लागले तसा किर्बी मध्ये पडला आणि त्याने पंचासारखे वार वाटून दिले. सोमवार व्हर्जिलचा, मंगळवार होबर्टचा, बुधवार पाद्रीबुवांचा, आणि पुढचे दिवस पुन्हा आळीपाळीने. क्लोव्हिसने रोज सकाळी नुसतं डोकावून जायचं, सल्ला द्यायचा नाही. यावर क्लोव्हिसने बराच वाद घातला.

"आणि रविवार?" व्हर्जिलने विचारलं. "चर्चनंतर मी मोकळाच असतो."

"रविवार कुणाला द्यायचा नाही," किर्बी म्हणाला. "रविवारी मी येतो जेवायला."